परभणीचा मच्छिंद्र जालन्याकडून खेळला

मंठ्याच्या उत्तरेला, लोणारच्या वाटेवर वरुडवाडी नावाचं गाव आहे. तिथला मच्छिंद्र म्हणजे आमच्या भागातला नावाजलेला कबड्डीपटू. परतूरच्या एका जिनिंगमध्ये तो कापसाच्या गाठी उचलायचा आणि सुट्टीच्या दिवशी रेल्वेने परभणीला सरावाला जायचा. वरुडवाडी ज्यात येई तो परतूर तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, आणि मच्छिंद्र जिल्ह्याच्या संघात. संघाचा कर्णधार सेलूचा सर्जेराव त्याचा जिवलग दोस्त. दोघं एका डब्यातून जायचे आणि एका डब्यातलं खायचे.

१९८१ च्या मे महिन्यात जालना वेगळा जिल्हा झाला. त्यात बाकीचे तालुके औरंगाबादचे, परभणीचा एकटा परतूर. जालन्यात ढोल वाजले, पेढे वाटले. कुणीतरी परतूरलाही आणले, तेव्हा मच्छिंद्रनंही एक खाल्ला. तो पेढा कशाचा होता हे त्याला पावसाळा सरल्यावर कळलं. संघनिवडीसाठी तो नेहमीसारखा परभणीला गेला, तर तिथल्या मंडळींनी त्याला जवळ बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की बाबा, तू आता जालन्याचा. सर्जेराव त्यांच्याशी भांडला, पण नियम तो नियम.

मच्छिंद्र तोंड पाडून गावी आला. दोन दिवस नीट जेवला नाही. त्याचा बाप कडूबा कडब्याच्या पेंढ्या रचत होता. लेकाचं गाऱ्हाणं ऐकून तो गालात हसला.

"आरं, आमच्या काळात लोणारला बैल विकायला न्यायचे म्हंजी दुसऱ्या मुलखात जाणं व्हतं. आपण निजामाचे, लोणार इंग्रजाचं. सिक्का येगळा, नाक्यावर करोडगिरीवाला जकातीसाठी गाडीतलं गवत उपसून बघायचा. आता तिथं नाका न्हाई की शिपाई न्हाई, शेरडं चरून राह्यली. तुला तं सेलूला जाताना कुणी आडवत बी न्हाई. मंग जाय की जालन्याला."

मच्छिंद्र जालन्याला गेला. नव्या जिल्ह्याचा संघ म्हणजे अठरापगड कारभार. अंबडची पोरं अंबडच्यांनाच ओळखायची, भोकरदनची भोकरदनच्यांना. राजूरचा वसंता चढाईत वाऱ्यासारखा, पण मच्छिंद्रकडे तो संशयाने बघायचा. परभणीचा माणूस आपल्यात काय करतोय, असं त्याला वाटे. संघाला शिकवणारे कारभारी गुरुजी मात्र खूश होते. पहिलाच सामना परभणीशी होता आणि सर्जेराव मैदानात ओरडून जे इशारे द्यायचा, ते मच्छिंद्रला पाठ होते. गुरुजींनी ते सगळ्यांसमोर विचारले.

मच्छिंद्र उठून उभा राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, खेळंन जीव तोडून. पण ते इशारे त्यांनी मला घरचा समजून शिकवले. ते मी सांगणार न्हाई."

गुरुजींनी जोर केला नाही. वसंतानं मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं.

सामना औरंगाबादला झाला. वसंता पहिल्या चढाईला गेला आणि सर्जेराव "पाणी" म्हणून ओरडला. मच्छिंद्रला ठाऊक होतं, पाणी म्हणजे घोट्याला झेप. पण घडलं भलतंच. अर्धे गडी झेपावले, अर्धे मागे सरले, आणि दोघं एकमेकांवर आदळले. वसंता तिघांना शिवून परत आला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. अख्खा संघ बाद होऊन परभणीवर लोण चढला, बघणारे हसून लोळायला लागले. शेवटच्या चढाईत मच्छिंद्रनं खुद्द सर्जेरावाच्या खांद्याला हात लावला आणि जालना जिंकला.

सामन्यानंतर खुलासा झाला. मच्छिंद्रनं इशारे फोडलेच असणार असं धरून सर्जेरावानं आदल्या दिवशी ते सगळे उलटे केले होते, आणि त्याच्याच पोरांना जुनी सवय सुटली नव्हती. वसंतानं त्याला सांगितलं की मच्छिंद्र एक शब्द बोलला नाही.

"मंग आम्हीच आम्हाला पाडलं म्हणायचं," सर्जेराव म्हणाला. मग मच्छिंद्रचा हात धरून म्हणाला, "मी तुझ्यावर भरवसा ठेवायला पायजे व्हता."

त्या दिवशी दोन्ही संघ स्टेशनसमोर एकाच खाणावळीत जेवले. वसंता मच्छिंद्रच्या शेजारी येऊन बसला. पुढच्या उन्हाळ्यात सर्जेरावानं आपली बहीण बेबीनंदा मच्छिंद्रला दिली. ती वरुडवाडीला नांदायला आली, पण परभणीचा सामना असला की उघडपणे माहेरच्या बाजूनं बोलायची. कडूबाला त्याची फार मौज वाटे.

नव्वदीनंतर मंठा तालुका वेगळा निघाला आणि वरुडवाडी परतूरमधूनही सुटली. गावकऱ्यांना वाटलं, मच्छिंद्र पुन्हा रुसणार. पण त्याचं खेळण्याचं वय सरलं होतं आणि त्यानं गावाबाहेरच्या पडीक जागेत मैदान करून पोरं तयार करायला घेतली होती. वरुडवाडीची पोरं होतीच. हळूहळू लोणारकडची, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलीही यायला लागली, जिंतूरकडची परभणीवालीही. स्पर्धेला जो तो आपापल्या जिल्ह्याकडून जायचा. तिथे एकमेकांना पाडायचं, आणि घरी आलं की संध्याकाळी पुन्हा एकाच मातीत सराव. मच्छिंद्र कुणाला हातचं राखून शिकवत नसे.

सराव संपला की निम्मी पोरं त्याच्या ओट्यावर जेवायला असत. बेबीनंदा भाकरी थापता थापता म्हणायची की बुलढाण्याची पोरं ठेचा जास्त खातात, जालन्याची दूध मागतात, आणि परभणीवाल्यांना तिसरी भाकरी न विचारता वाढावी लागते.