पहिल्या रांगेतला भंडारा

माझ्या आजोबांनी, आबांनी, आयुष्यात एकच प्रोजेक्टर पाहिला, आणि तो त्याच दिवशी बंद पडला.

आमचं घर मांडवगण फराट्याचं. आबांपर्यंतच्या पिढ्या मेंढरांमागं फिरल्या. माझे वडील, म्हणजे आप्पा, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर झाले. आणि मी दौंडच्या कॉलेजात संगणक शिकू लागले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. लेखी परीक्षेत मी बरी होते. पण मुलाखतीत कुणी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, की मला स्वतःबद्दल काहीच आठवायचं नाही. (एकदा तर नावसुद्धा जरा विचार करून सांगितलं होतं!) त्यामुळं नोकरी काही लागत नव्हती.

अशात कॉलेजनं संगणक क्षेत्रातल्या महिलांची परिषद भरवायची ठरवली. सर मला म्हणाले, "पुण्याच्या कंपनीतल्या टेस्टिंगच्या प्रमुख मॅडम येणार आहेत. भाषणं ऐकून एका मुलीला शिकाऊ म्हणून घेणार आहेत. तू तुमच्या डेअरीच्या प्रोग्रॅमवर बोल."

गावच्या डेअरीत दूध नोंदवायला नवा प्रोग्रॅम आला होता, आणि सुट्टीत मी त्यातल्या बऱ्याच चुका शोधल्या होत्या. मी मनाशी पक्कं केलं, की या वेळी जीभ टाळूला चिकटली तरी सोडवायची आणि बोलायचं.

घरी सांगितलं, तेव्हा आई भाकरी थापत होती.

"टेस्टिंग म्हंजी करायचं काय गं?"

"दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या."

"आन् त्याचा पगार देत्यात?"

"हो."

आईनं शेजारी बसलेल्या आत्याकडं पाहिलं. "वन्सं, इतकी वर्सं तुमी फुकटच राबला की!"

आत्यानं भाकरी जाड झाल्याचं सांगून विषय बदलला. आबांनी मात्र एकच विचारलं, "मंग आमी कवा निघायचं?"

"आबा, एवढ्यासाठी कशाला त्रास घेता?" मी म्हणाले.

आमच्याकडं हे वाक्य म्हणजे आग्रहाचं आमंत्रण असतं. इंग्रजी भाषण पाठ करायच्या नादात हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

परिषदेच्या दिवशी कॉलेजच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून आमचं घर उतरलं. आबा लाल फेट्यात, आई ठेवणीतल्या साडीत, आत्या नाक मुरडत, आणि आप्पा रात्रपाळी करून थेट कंपनीच्या गणवेशात. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या पहिल्या रांगेत चौघं जाऊन बसले. त्यांना उठवायला गेलेले सर आबांना नमस्कार करून परत आले. आबांच्या शेजारी पुण्याच्या मॅडम होत्या. पांढऱ्या शुभ्र साडीत! (साडीचा रंग लक्षात ठेवा.)

माझी पाळी आली, तर कॉलेजच्या संगणकावर माझी फ्लॉपी उघडेना. सर घामाघूम झाले. तेव्हा मॅडम शांतपणे उठल्या आणि त्यांनी स्वतःचा लॅपटॉप टेबलावर ठेवला. त्यात फ्लॉपी चालली. प्रोजेक्टर लागला, पडद्यावर माझं नाव आलं. आता फक्त बोलायचं होतं.

"गुड मॉर्निंग," मी म्हणाले.

त्यापुढचं सगळं भाषण डोक्यातून पुसलं गेलं. मी पडद्याकडं बघितलं, सभागृहाकडं बघितलं, माझ्या चपलांकडं बघितलं. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. काहीही अडलं की आबा भंडारा उधळतात. बोअरला पाणी लागेना, भंडारा. ट्रॅक्टर सुरू होईना, भंडारा. माझा दहावीचा निकाल लागायचा होता, तेव्हा तर अख्खं अंगण पिवळं! आणि इथं तर खुद्द नातच अडली होती.

"येळकोट येळकोट, जय मल्हार!"

आबांनी कमरेच्या पिशवीतून मूठ भरून हळद वर फेकली. वर पंखा होता. पंख्यानं अजिबात भेदभाव न करता ती साऱ्या सभागृहाला वाटली. उरलीसुरली प्रोजेक्टरनं मागून आत ओढली आणि पुढून फुंकली. पडदा आधी पिवळा झाला, मग काळा. मॅडमच्या साडीबद्दल मी बोलत नाही.

आई धावली. तिनं पदराचं टोक पाहुण्यांच्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि लॅपटॉप पुसायला घेतला!

"आगं पानी नगं! आधी सप्लाय!" आप्पा ओरडले. कंपनीत त्यांना शिकवलं होतं, की गडबड दिसली की विचार करत बसायचं नाही, मेन स्विच पाडायचा. त्यांनी धावत जाऊन सभागृहाचा मेन स्विच पाडला. दिवे गेले, पंखे गेले, माझा माईकही गेला.

"सुरवातीलाच म्हनलं व्हतं, पंक्यांना तेल न्हाई," आत्या म्हणाली.

सरांनी डोक्याला हात लावला. मॅडम चष्मा पुसत उभ्या राहिल्या. त्या आता निघणार, हे मला दिसलं. त्या निघाल्या की माझी नोकरीही त्यांच्याबरोबर दाराबाहेर जाणार होती.

"मॅडम, थांबा!" मी म्हणाले. एवढा मोठा आवाज माझा आहे, हे मला तेव्हाच कळलं. "टेस्टिंग म्हणजे काय, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत."

मी मराठीतच सुरू केलं. "प्रोग्रॅम लिहिणारा धरून चालतो, की वापरणारा माणूस त्याच्या मनासारखा वागेल. पण वापरणारी माणसं माझ्या घरच्यांसारखी असतात. कुणी हळद टाकतं, कुणी पाणी लावतं, कुणी मेन स्विच पाडतं. आमच्या डेअरीच्या प्रोग्रॅमला मी म्हशीच्या दुधाची फॅट शंभर टक्के सांगितली. त्यानं निमूटपणे लिहून घेतली!"

"मंग ती म्हस दूध न्हाई, तूपच देती म्हनायची!" आबा पहिल्या रांगेतून म्हणाले, आणि सभागृह हसलं.

"व्हय आबा," मीही व्यासपीठावरून म्हणाले, "आणि हे तुम्हाला कळतं, ते त्या प्रोग्रॅमला कळत नव्हतं."

मग मी थांबलेच नाही. माईक नाही, पडदा नाही, नाकाचा शेंडा पिवळा, पण शोधलेली प्रत्येक चूक सांगूनच खाली उतरले.

मॅडम बसून राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मेन स्विच पडला तर तोवर लिहिलेली नोंद टिकते का?"

"टिकत नाही, मॅडम. मी तपासलंय. आमच्याकडं लाइट रोजच जाते."

"पुण्याला या," त्या म्हणाल्या. मग आबांकडं बघून पुढं म्हणाल्या, "एकट्या या."

मी गेले. त्यांनी मला नोकरीवर घेतलं. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझ्यापुढं तोच लॅपटॉप ठेवला. "हा आता तुम्हीच वापरा. बाकी कुणी घ्यायला तयार नाही."

मी जीव ओतून काम केलं, आणि आठवडा संपायच्या आत एक चूक पकडली! प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात, जिथं पांढरं असायला हवं तिथं पिवळा डाग दिसत होता. मी रीतसर नोंद केली, 'गंभीर' असा शेरा मारला आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याशी भरपूर वाद घातला. त्याच्याकडं दिसत नव्हता, माझ्याकडं प्रत्येक वेळी दिसत होता. मी हटले नाही. शेवटी तो माझ्या टेबलापाशी आला, वाकून बघितलं, आणि स्क्रीनवर नख घासलं.

डाग निघाला.

त्यानं बोट नाकाशी नेऊन वास घेतला आणि तो अतिशय अदबीनं म्हणाला, "रूपाली मॅडम, ही चूक आमच्या प्रोग्रॅममधली नाही. ही तुमच्या घरून आलेली आहे."