देवीच्या पायऱ्यांची वेळ

माझ्या सासऱ्यांना घरात-बाहेर सगळे कंट्रोलर म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोतून गाड्या सोडल्या. कुठली गाडी किती वाजता निघणार, घाटाला किती वेळ घेणार, चहाला कुठे दहा मिनिटं थांबणार, हे कागदावर मांडायचं आणि वेळ झाली की शिट्टी मारायची. निवृत्त होताना शिट्टी तेवढी डेपोत जमा केली, बाकी सगळं घरी आणलं. आमच्याकडे दूध तापवायचीसुद्धा वेळ ठरलेली आहे.

त्यांचा नियम एकच, गाडी कुणासाठी थांबत नाही. एकदा त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, माहेरपण उरकून सासरी निघाल्या होत्या. सामान गाडीत आणि अक्का नळावर पाणी भरायला गेलेल्या. वेळ झाली, कंट्रोलरांनी शिट्टी मारली. सामान त्याच दिवशी सासरी पोचलं, अक्का दुसऱ्या दिवशी. हा किस्सा घरात हसून हसून सांगतात. अक्काही हसतात. मी नीट पाहिलंय, त्या सगळ्यांच्या नंतर हसतात.

अक्का आता शहात्तर वर्षांच्या. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात. गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत. त्यांनी कधी काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. यंदा मात्र म्हणाल्या, "डोंगरावरच्या देवीला एकदा जाऊन येऊ या. लहानपणी आई न्यायची आम्हाला. यंदा नाही जमलं तर राहिलंच."

झालं! कंट्रोलरांना नऊ वर्षांनी काम मिळालं. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तो चार दिवस हलला नाही. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. गाडी माझा नवरा चालवणार होता, पण त्याला न विचारता त्याच्या लघवीच्या थांब्यांसकट सगळं ठरलं. "एवढा घाट चढायचा तर एकच देऊळ कशाला?" म्हणून वाटेतली आणखी तीन देवळं आत घुसली. मग देवळांच्या कचेऱ्यांना फोन. दार कधी उघडतं, दुपारी कधी बंद होतं? पलीकडचा माणूस जरा घुटमळला की हे बजावायचे, "साधारण नको, नक्की सांगा."

अखेर दोन दिवस, चार देवळं असा कागद तयार झाला. पट्टीने आखलेले रकाने. डोंगरावरच्या देवीसमोर लिहिलं होतं, पोहोच दहा चाळीस, दर्शन पंचवीस मिनिटं, निघणे अकरा पाच.

अक्कांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "पंचवीस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, खूश आहेत.

त्या आठवड्यात एक दिवस मी दुपारीच बँकेतून घरी आले. लिफ्टचं बटण दाबणार, तेवढ्यात जिन्यातून धापा टाकल्याचा आवाज आला. वर जाऊन पाहते तर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर अक्का, कठडा धरून बसलेल्या. चेहरा घामाने भिजलेला. मुठीत कंट्रोलरांचं मोठ्या आकड्यांचं घड्याळ.

मी काही बोलायच्या आत वरून कंट्रोलरच उतरले, घड्याळ शोधत.

"अक्का, माझं घड्याळ तुझ्याकडे? आणि इथे काय करतेस?"

"वेळ लावतेय."

"कसली?"

"देवीची." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "तिथे दोनशे सोळा पायऱ्या आहेत. आई मोजत मोजत चढवायची. आपल्या जिन्याला चौपन्न. चार फेऱ्या केल्या की देवी आली. काल दोनच फेऱ्यांना बावीस मिनिटं लागली. तू सगळं मिळून पंचवीस दिलीयस. रोज चढले तर होईल कमी."

कंट्रोलर होते तिथेच उभे राहिले. चूक माझ्याही लक्षात आली नव्हती. डेपोच्या कागदात गाडी स्टँडला लागली की प्रवास संपतो. उतरलेला माणूस पुढे कसा जातो, याला तिथे रकानाच नसतो. एकतीस वर्षं त्यांनी तसंच लिहिलं आणि देवीलाही तेच लावलं.

"अगं, मग मला सांगायचंस ना!" ते चिडले. चूक स्वतःची असली की ते आधी चिडतात.

"सांगून काय होणार? तुझी गाडी कधी कुणासाठी थांबलीय?"

या वेळी कुणी हसलं नाही. मला कंट्रोलरांचा राग आला, आणि अक्कांचाही. इतकं सोसत कशाला बसायचं माणसाने? कंट्रोलरांनी अक्कांचा दंड धरून त्यांना उठवलं आणि लिफ्टकडे नेलं. घड्याळ परत मागितलं नाही.

संध्याकाळी पट्टी-पेन्सिल पुन्हा टेबलावर आली. वाटेतल्या तिन्ही देवळांवर काट मारली गेली आणि जेवायच्या आत नवा कागद तयार झाला. नवऱ्याने तो हातात घेतला.

"बाबा, देवीहून निघायची वेळ लिहायची राहिलीय."

"राहिलेली नाही," म्हणून त्यांनी पेपर उघडला.

अक्कांनी मला कागद वाचायला लावला. मी वाचू लागले. आदल्या रात्री मुक्काम पायथ्याशी. देवी, पोहोच सकाळी सात, ऊन व्हायच्या आत. दर वीस पायऱ्यांना बसणे. 'घडीची खुर्ची मी घेईन,' असं कंट्रोलरांच्याच अक्षरात. निघणे... आणि तिथे मी अडखळले. रकाना कोरा होता.

"पुढे?" अक्का म्हणाल्या.

"पुढे काही नाही. तुम्ही खाली आलात की निघायचं, असं दिसतंय."

अक्कांनी माझ्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "आणि मी वरच बसून राहिले तर?"

पेपरामागून कंट्रोलरांचा आवाज आला, "तर गाडी थांबेल."