साडूकडचा खारट चहा

माणसं पारखण्याचा ठेका देवानं एकट्या आमच्या साडूंना दिलाय, असं अख्ख्या जालन्यात एकाच माणसाला वाटतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू. नवरदेव असो, बैल असो, गोदामाचा वॉचमन असो, हे गृहस्थ मान तिरकी करून बघणार आणि म्हणणार, "न्हाई जमायचं." माझ्या मुलीच्या लग्नात ह्यांनी आचारी नापास केला, तोही पंगत बसल्यावर.

त्यांची बियाण्यांची कंपनी आहे. माल दुकानदारांमार्फत जायचा. मधे त्यांच्या मनानं घेतलं की आता मोबाईलवरून थेट शेतकऱ्याला विकायचं. धंद्याची पद्धत नवी, मग कारभारीही नवा हवा. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हापासून मी तिथं राबतोय. ती खुर्ची माझीच, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं. आणि ह्या माणसानं निवड कशी करावी? एकेकाला घरी बोलावून मीठ घातलेला चहा पाजला.

आता साडूच्या घरचा चहा काय नावं ठेवत प्यायचा असतो? मी शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, वर "फक्कड झालाय" म्हणालो. आमच्याच कंपनीतली, मस्तगड भागात राहणारी एक पॅकिंगवाली बाई मात्र पहिल्याच घोटाला कप खाली ठेवून म्हणाली, "सायेब, मीठ पडलंय ह्याच्यात. कुणी केला हा?" खुर्ची तिला मिळाली. मी जाब विचारला तर म्हणतात, "साडूभाऊ, कंपनी बदलून राह्यलो मी. माझं चुकलं तर तोंडावर सांगणारं माणूस पायजे. तुम्ही तर कपभर मीठ गपगुमान पिऊन गेल्ते." अहो, रीतभात म्हणून काही असते की नाही?

बाईंनी कंपनी चांगली चालवली, हे सांगताना आजही जीव जळतो. पुढं एक दिवस त्यांनी साडूंनाच तोंडावर सांगितलं, "सायेब, तुम्ही रोज येऊ नका. मधे मधे बोलता, कामाचा खोळंबा होतो." मालकाला असं सांगतात? माझ्या अंगाची लाही लाही झाली. साडू मात्र चपला घालून घरी निघून गेले, आणि रोजचं येणं त्यांनी बंद केलं.

हल्ली संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतात. परवा मी जुना राग काढला. त्यांच्या कपात चमचाभर मीठ टाकलं आणि आता काय बोलतात ते बघत बसलो. त्यांनी घोट घोट करत सगळा चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "बराबर झालाय."

मी उठलो आणि दुसरा चहा टाकला. साखर जरा जास्तच घातली.