निळ्याचे दोन तुकडे

कापडगिरणीच्या रंगखात्यात त्याला सगळे मास्तर म्हणत. काम एवढंच, की गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि रंगाच्या टाकीतून निघालेल्या कापडाचा तुकडा खिडकीशी शेजारी शेजारी धरायचा आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं. सव्वीस वर्षं त्याच्या शब्दावर गाड्या भरल्या जात होत्या. नवे साहेब आले तेव्हा रंग तपासणाऱ्या यंत्राची गोष्ट निघाली. टाकीवाला म्हणाला, "आणा की. पण त्याची परीक्षा आमचे मास्तर घेतील." सगळे हसले आणि यंत्र राहून गेलं.

मास्तरला अठ्ठेचाळिसावं सरलं. केस विरळ झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरू लागले, वाचायला चष्मा आला. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. शरीर म्हटलं की झिजणारच. नजर मात्र त्याने कधी शरीरात धरली नव्हती.

मग निळ्या कापडाचे चाळीस तागे परत आले, रंग जुळत नाही म्हणून.

खिडकीशी चार माणसं जमली. "हो की, फरक आहे," एकेकजण म्हणाला. मास्तरने दोन्ही तुकडे धरले, तिरपे केले, पुन्हा धरले. त्याला एकच निळा दिसत होता.

"दिसतोय की," तो म्हणाला. "पण मी पास केलेला तुकडा असा नव्हता. नंतर टाकीत घोळ झाला असेल."

टाकीवर माणूस एकच होता. नाव घ्यायची गरजच पडली नाही.

"उद्या दोन्ही तुकडे घेऊन या माझ्याकडे," साहेब म्हणाले. "तसं असेल तर त्याला घरी बसवू."

सकाळी घरी मास्तरने तुकड्यांवरच्या 'नमुना' आणि 'आपला' अशा चिठ्ठ्या काढल्या आणि ते खिडकीत ठेवले. मुलगी आरशापुढे वेणी घालत होती.

"बाळ, यात काही वेगळं दिसतं का गं?"

तिने मान वळवून डावीकडच्या तुकड्याकडे बोट केलं. "हा हिरवट आहे ना. त्यात विचारायचं काय, बाबा?" आणि दातांत धरलेली पिन काढून तिने केसांत खोचली.

ती गेल्यावर तो बराच वेळ उभा राहिला. हिरवट रंग आत्ता दिसेल, मग दिसेल, असं त्याला वाटत होतं.

गिरणीत तो आधी टाकीवाल्याकडे गेला. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले.

"मला फरक दिसत नाही रे."

टाकीवाल्याने झडप बंद केली, हात पुसले. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"झाली की दोन-अडीच वर्षं. निळा असला की तुझ्याकडे पाठवायच्या आधी मीच बघून घ्यायचो. जुळला नाही तर पुन्हा टाकीत."

"मला बोलला नाहीस."

"काय बोलू? म्हातारा झालास म्हणू?"

"मग हे तागे?"

"तेही बघितले होते." टाकीवाला खाली बघून हसला. "जुळलेलेच दिसले मला. आपण एकाच वयाचे आहोत, विसरलास होय?"

अडीच वर्षं तो ऐटीत 'पास' म्हणत आला होता, आणि त्यातला एकही निळा त्याने खरा पाहिला नव्हता.

साहेबांनी बोलावलं. त्याने खिशातून तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"यातला आपला कुठला?"

चिठ्ठ्या घरीच राहिल्या होत्या. मुलीने डावीकडचा दाखवला होता, पण नंतर त्याने ते इतक्यांदा उचलले, इतक्यांदा उलटवले. सवयीने त्याचे हात तुकडे घेऊन खिडकीकडे वळले. मग त्याने ते परत खाली ठेवले.

"टाकीवाल्याला काही करू नका, साहेब. मलाच सांगता येत नाही."

साहेब तिशीतले होते. त्यांनी एकदाच खाली पाहिलं आणि एक तुकडा सहज बाजूला सरकवला.

मास्तर त्या तुकड्याकडे बघत राहिला. मग दुसऱ्याकडे.

टेबलावर एकच निळा होता.