काठोकाठ गिलास

सक्करदऱ्याच्या आमच्या मिस्त्रीच्या शर्टावर ऑइलपेक्षा चहाचे डाग जास्त असतात. गाडी तो स्वतः कधीच चालवून पाहत नाही. "तुमच्या हाताची गाडी हाय, माह्याजवळ खोटं बोलते," म्हणतो आणि चहाचा काठोकाठ भरलेला गिलास घेऊन मागे बसतो.

माझी गाडी क्लच सोडला की झटका द्यायची. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती मागे बसायलाच घाबरायची. दुसऱ्या एका मिस्त्रीनं क्लचप्लेटा बदलायला सांगितल्या होत्या. हे सगळं आमच्या मिस्त्रीला सांगितलं, त्याला मागे बसवून मी क्लच सोडला आणि अर्धा चहा त्याच्या शर्टावर गेला.

"प्लेटा काहून बदलता भाऊ? केबल सुकली. अटकून राहिली, मंग एकदम सुटते."

त्यानं केबल काढली, कागदाची पुंगळी करून वरून थेंबथेंब तेल सोडलं आणि ते खालून बाहेर येईपर्यंत थांबला. मग केबल परत बसवली आणि नवा गिलास भरून मागे बसला. तलावापर्यंत त्यानं मला चारदा थांबवलं, चारदा निघायला लावलं. परत आलो तेव्हा गिलास तसाच भरलेला होता.

गार झालेला तो चहा त्यानं उभ्याउभ्या पिऊन टाकला.

"आता आईले बसवा."