ताईंची पिवळी बटणं

परदेशात, इथे वेरिबीत मला ज्यांनी सांभाळलं, त्या ताईंचं आधी सांगते. मी त्यांचं काय नुकसान केलं ते मागाहून येईलच.

ताई चालता चालता मध्येच उकिडव्या बसायच्या. फूटपाथवर, बसस्टॉपमागे, कुणाच्याही कुंपणापाशी. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग असायचं, ते डोळ्याला लावायच्या आणि सोबत असेल त्याला म्हणायच्या, "आधी खाली बस." वय साठीचं, पण गुडघे माझ्याहून बरे. अशी एखादी बाई तुमच्याही रस्त्यावर असेल. आपण तिला वळसा घालून पुढे जातो. मीही वर्षभर तेच केलं.

तीस वर्षांपूर्वी त्या नागपूरहून शिकायला आल्या आणि इथल्याच झाल्या. युनिमध्ये, म्हणजे इथल्या विद्यापीठात, गवतं शिकवायच्या. मी आठवीतून शाळा सोडलेली, नवऱ्यामागून इथे आलेली, ऑफिसं झाडणारी. गवत शिकवतात हे ऐकून मला हसूच आलं होतं. आमच्या गावी गवत काढायला शिकवतात.

लॉकडाऊनच्या हिवाळ्यात नवऱ्याला वेअरहाऊसमधून कोविड लागला. तो आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. चौदा दिवस दाराबाहेर पाऊल नाही. तो खोकला की माझ्या छातीत धडधडायचं, आणि खोकायचा थांबला की त्याहून जास्त. मराठी ग्रुपवर मी भीत भीत दोन ओळी लिहिल्या. तासाभरात दारात डबा होता. वरण, भात, झणझणीत वांगं. डबा ठेवणारी बाई गेटपाशी मागे सरकून फोन लावत होती.

"खिडकीशी आहेस ना? आधी खाली बस. आता सांग, काय दिसतंय?"

"काही नाही मॅडम. गवत."

"मॅडम युनिमध्ये. इथे ताई. गवतात कोण आहे?"

"एक पक्षी. काळापांढरा."

"काय करतोय?"

"मान वाकडी केलीय. जमिनीला कान लावल्यासारखी."

"लावलाच आहे. खालची अळी ऐकतोय. ती सापडली की मला सांग."

अळी सापडेपर्यंत मी नवऱ्याचा खोकला विसरले होते. मग रोज सकाळी डबा आणि फोन. इथल्या पक्ष्यांची नावं मला येत नव्हती, म्हणून मी माझीच ठेवायची. चोरपावल्या, शेंडीवाला, भांडखोर जाऊबाई. ताई पोट धरून हसायच्या आणि खरं नावही सांगायच्या. नवरा बरा झाला तोवर आमच्या खिडकीत अकरा जण ओळखीचे झाले होते.

आता याची फेड कशी करायची? आमच्याकडे सावड असते. कुणी अडीनडीला धावून आलं, की त्याच्या रानात एक दिवस राबायचं. ताईंचं रान म्हणजे घरापुढचा तुकडा. सगळ्या गल्लीचं लॉन गालिच्यासारखं आणि यांच्या दारात गुडघाभर गवत. मला वाटलं, एकटी बाई, होत नसेल.

वसंत लागल्यावर एका सकाळी मास्क लावला आणि गावाहून आणलेलं खुरपं घेऊन गेले. विमानतळावर त्याच खुरप्याला माती चिकटली नाही ना, म्हणून साहेबाने उलटसुलट करून पाहिलं होतं. लॉकडाऊनमध्ये व्यायामासाठी बाहेर पडायला मिळायचं तेवढ्या तासाभरात मी तुकडा आरशासारखा केला, सगळं पालापाचोळ्याच्या हिरव्या झाकणाच्या बिनमध्ये कोंबलं, बेल वाजवली आणि हसत लांब उभी राहिले.

ताई बाहेर आल्या.

"मुळासकट?"

"मुळासकट! एक काडी ठेवली नाही, ताई."

त्या पायरीवर बसल्या. उकिडव्या नाही, मटकन. मग पलीकडच्या गल्लीतून कचऱ्याच्या ट्रकचा आवाज आला आणि ताई चपला न घालता बिनकडे पळाल्या.

आम्ही बिन तिथेच आडवा केला. "बारीक लांबट पानं, बुडाशी झुपका," ताई सांगत होत्या. मी हुंदके देत शोधत होते.

"पोलीस आला तर, ताई?"

"व्यायाम म्हण. उठाबशा चालल्यात."

ट्रकवाल्याने थांबून विचारलं, "ऑल गुड, लेडीज?"

"नो वरीज, मेट! नॉट टुडे," ताई म्हणाल्या. त्याने हात हलवला आणि पुढे गेला.

एकेकाळी हा सगळा मुलूख ताईंच्या दारातल्यासारख्या गवताचा आणि त्यातल्या पिवळ्या फुलांचा होता, शर्टाच्या बटणाएवढ्या. मग मेंढ्या आल्या, नांगर आले, शेवटी आमच्यासारख्यांची घरं. आता ती बटणं उरलीत रेल्वेरुळाच्या कडेला आणि जुन्या कबरस्तानांत, जिथे कुणी नांगर घातला नाही तिथे. ताईंनी बियांपासून अकरा रोपं वाढवली होती. कळ्या यायच्या होत्या, म्हणून मला ती तण वाटली.

पाच सापडली. ती आम्ही कुंड्यांत लावली. "एक जगून भागणार नाही," ताई म्हणाल्या. "एकट्या रोपाला बी धरत नाही. शेजारी दुसरं लागतं."

माझा रोजचा तास मग त्या कुंड्यांपाशीच जायचा. पहिल्या आठवड्यात दोन गेली, नंतर एक. दर वेळी मी माफी मागायची. शेवटी ताई वैतागल्या. "तू अकरा उपटलीस, मोजता तरी आली. आपल्या घरांखाली किती गेली, ती कुणी मोजली?"

दोन राहिली. डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, एकाला फुलं आली, दुसरं नुसतं पानांचं. ती फुलं एकेक करून सुकत चालली तशी माझी झोप उडाली. ताई म्हणायच्या, "बस खाली, बघ, घाई नको." आणि एका सकाळी दुसऱ्याच्या झुपक्यात मला कळी दिसली. पहिल्याचं शेवटचं फूल आणि दुसऱ्याचं पहिलं, तीन दिवस एकदम उघडी होती. एक लहानशी माशी या कुंडीवरून त्या कुंडीवर गेली. आम्ही दोघी दीड मीटर अंतर ठेवून उकिडव्या बसलो होतो. मास्कवरून डोळे तेवढे दिसत होते, ताई रडत होत्या. बी धरलं.

राज्यांच्या सीमा उघडल्यावर ताई देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला मुलीकडे गेल्या, नातवासाठी. कायमच्या. कुंड्या माझ्याकडे दिल्या. त्यांच्या जुन्या दारात आता काँक्रीट आहे, दोन गाड्या मावतात. तिकडून जाताना आजही मी पायरीकडे बघते.

माझ्या कुंड्या आता नऊ झाल्यात. भाड्याचं घर आहे, जमिनीत लावता येत नाही. ताईंना पाठवावं म्हटलं तर कीड जाऊ नये म्हणून झाडं तिकडे राज्याच्या सीमेवर काढून घेतात.

पण आमची हक्काची माती होईल, हातभर का असेना. ताई, तेव्हा तिथे आधी बटणं लागतील, घराचं मागाहून बघू. अकरा. अकरांना फुलं आली की मी तुम्हाला बोलावून घेईन. तुम्ही प्रवासाचं सांगायला लागाल, नातवाचं सांगायला लागाल. मी एकच म्हणेन, "ताई, आधी खाली बसा."