ओहायोतला आग्रह

शोभना वैरागडे ओहायोला कधी गेल्या नव्हत्या. पण फोनवर बोलून बोलून तिथल्या माणसांचं आपल्याला बरंच कळतं, असं त्यांना वाटू लागलं होतं. डेटनच्या एका म्हाताऱ्याला गुडघा बदलायचा होता. ॲक्रनची एक बाई बोलता बोलता मध्येच कुत्र्याला रागवायची. हे फॉर्ममध्ये लिहायचं नसतं. त्यांच्या लक्षात राहायचं.

त्या राहायच्या त्या श्रूजबरीहून गाडीने पंधरा मिनिटांवर एक छोटं कॉलेज आहे. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीआधी तिथलं एक केंद्र राज्याराज्यांत फोन करून लोकांचा कल विचारतं. निवडणुकीला अजून चौदा महिने होते. उमेदवारही ठरले नव्हते. प्रश्न मात्र ठरलेला होता: आज निवडणूक असती, तर कोणत्या पक्षाला मत दिलं असतं? एका राज्यात सहाशे माणसं झाली की पुढचं राज्य.

शोभनाकाकूंची ही अमेरिकेतली पहिलीच नोकरी. नागपूरहून आल्या त्या नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर काम करता येत नव्हतं. ग्रीन कार्ड येईपर्यंत तेरा वर्षं गेली. मग सासूबाईंचं आजारपण. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी गळ्यात स्वतःच्या नावाचं कार्ड आलं होतं. घरी पोचल्यावरही त्या ते लवकर काढत नसत.

"जेवताना तरी काढ," त्यांचे यजमान अनिल म्हणायचे. "मी ओळखतो तुला."

मंगळवारी नीनाने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. नीना केंद्राची सुपरवायझर. जवळच्या वूस्टरची, तिशीतली, कमी बोलणारी. तिने स्क्रीन काकूंकडे वळवला.

"बाकीच्यांच्या फोनवर शंभरातले एकोणीस लोक म्हणतात, अजून ठरलं नाही," ती म्हणाली. "तुमच्या फोनवर दोन."

"मग चांगलंच की."

"असे आकडे मी आधी एकदा पाहिलेत. त्या माणसाने फोन न करताच उत्तरं भरली होती."

काकूंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी प्रत्येकाला विचारलंय."

"म्हणूनच रेकॉर्डिंग ऐकू या."

पहिला आवाज एका पुरुषाचा होता. अजून ठरवलं नाही, तो म्हणाला. मग काकूंचा आवाज. त्यांनी स्क्रीनवरचा पुढचा प्रश्न वाचला: त्यातल्या त्यात तुमचा कल कुठे आहे? तो म्हणाला, कुठेच नाही. इथे थांबायचं असतं. काकू थांबल्या नव्हत्या.

"थोडासा तरी?"

"नाही, मॅडम."

"अगदी चिमूटभर?"

तो माणूस हसला. "बरं, लिहा रिपब्लिकन."

पुढची एक बाई चौथ्या खेपेला म्हणाली, "डेमोक्रॅट लिहा. तुमच्यासाठी."

नीनाने आवाज बंद केला. "कल एकदाच विचारायचा असतो."

"पण पहिलं 'नाही' खरं नसतं," काकू म्हणाल्या. नीनाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणतो, ते पुरे नसतं. तो ताटावर आडवा हात धरतो. आपण बोटांच्या फटीतून वाढायचं. न वाढलं तर तो उपाशी उठतो आणि गावभर सांगतो.

नीनाने सगळं नीट ऐकून घेतलं. "आणि खरंच पोट भरलेलं असेल तर?"



काकू ज्यांच्याशी बोलल्या होत्या, त्यातल्या वीस जणांना नीनाने सकाळीच पुन्हा फोन करवले होते. अकरा जण म्हणाले, अजून ठरलेलं नाही. मग त्या दिवशी पक्षाचं नाव का सांगितलं? एकाने उत्तर दिलं, "ती बाई इतक्या मायेने विचारत होती. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?"

ओहायोचा अहवाल अडला. काकूंचे त्र्याहत्तर फोन काढून टाकले. तेवढी दुसरी माणसं आता नव्याने शोधायची होती.

"शुक्रवारी मी तुमच्या लाइनवर बसून ऐकणार आहे," नीना म्हणाली. "पुन्हा असं झालं, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

पार्किंगमध्ये देवयानी भेटली. ती पुण्याहून साहित्य शिकायला आलेली मुलगी. काकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तीही फोन करायची. तिने सगळं ऐकलं आणि बघतच राहिली.

"काकू, तुम्ही ओहायोला आग्रह केलात?"

"हा नियम पुण्याच्या माणसाने केला असणार. एकदा विचारायचं, तेही दार अर्धं उघडून."

"बरं, मी विचारते. तुमचं मत कुणाला?"

काकू दोन वर्षांपूर्वी सिटिझन झाल्या होत्या. राष्ट्राध्यक्षासाठी ही त्यांची पहिलीच खेप. "नाही ठरलं अजून," त्या म्हणाल्या.

"थोडं तरी?"

"नाही गं."

"चिमूटभर? माझ्यासाठी?"

काकूंनी एका पक्षाचं नाव घेतलं. काकू गाडीचं दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. त्या पक्षाबद्दल त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. पोरगी ताटकळत उभी होती, तिला लवकर सुटू द्यावं, एवढंच वाटलं होतं.

"ते लिहू नकोस," त्या म्हणाल्या.

"यार काकू, मी कुठे लिहितेय?"

शुक्रवारी विस्कॉन्सिन होतं. नीना पलीकडच्या टेबलाशी हेडफोन लावून बसली. पहिल्या तिघांनी फोन ठेवून दिला. चौथी एक बाई होती. शाळेची बस चालवते, म्हणाली. आवाज दमलेला होता.

"कुणाला मत देणार ते ठरलेलं नाही," ती म्हणाली.

काकूंनी स्क्रीनवरचा प्रश्न वाचला. त्यातल्या त्यात कल कुठे?

"खरंच माहीत नाही."

'थोडासा तरी' हे शब्द अगदी ओठांवर आले. काकूंनी जीभ दातांखाली धरली. लाइनवर पलीकडे कुठेतरी भांडी वाजली. काकूंनी 'माहीत नाही'चं बटण दाबलं. ताटात काही न वाढता पाहुण्याला उठवल्यासारखं त्यांना वाटलं.

"एवढंच?" बाईने विचारलं. "पुढे काही नाही विचारणार?"

"नाही."

"बरं झालं. घरी सगळे रोज विचारतात. नवरा एकीकडे ओढतो, भाऊ दुसरीकडे." ती थोडं थांबली. "माहीत नाही म्हटलेलं कुणी लिहून घेतलं नव्हतं अजून."

वय, शिक्षण आणि जिल्हा, म्हणजे काउंटी, हे विचारून झालं. फोन संपला. बाईचं कुठे अडलंय, हे विचारायची काकूंना फार इच्छा होती. फॉर्ममध्ये तसा प्रश्न नव्हता.

शिफ्ट संपल्यावर नीनाने सोमवारी फोन करणाऱ्यांची यादी आणून टेबलावर ठेवली. ॲरिझोना. सातव्या ओळीत काकूंचं नाव होतं. काकूंनी ते दोनदा वाचलं.

"ही न ठरलेली माणसं," त्यांनी विचारलं, "यांना पुन्हा कधी विचारतो आपण?"

"विस्कॉन्सिन पुन्हा वसंतात. पण माणसं दुसरी असतात."

"मग त्या बसवाल्या बाईचं काय ठरलं, ते कसं कळणार?"

"नाही कळणार," नीना म्हणाली.

काकूंनी मान हलवली. हे त्यांना काही पटलं नाही. "ॲरिझोनात आत्ता किती वाजले असतील?" त्यांनी विचारलं.